हेडलाइट लावला की इंजिन गार: एका पद्मिनीला सेन्सर बसवले त्याची सगळी केस

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची. रंग मूळचा क्रीम होता म्हणतात, आता जो काही आहे त्याला काका दुधी म्हणतात आणि मावशी पिवळट. इंजिन तेच १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, फियाट ११०० पासून चालत आलेलं, गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली. तक्रार अशी की सकाळी पहिल्या सेल्फला चालू, शिवाजी पार्कवरून किंग्ज सर्कलपर्यंत मस्त, आणि सायनच्या सिग्नलला उभी राहिली की आधी मिसिंग, मग स्लो, म्हणजे पाय काढल्यावरचा इंजिनचा संथ वेग, डगमगायला लागतो, मग बंद. एकदा बंद पडली की पंधरा-वीस मिनिटं सेल्फ मारत बसायचं, मागून हॉर्न, आणि काका बॉनेट उघडून हात मागे बांधून उभे, जणू देवळाच्या रांगेत आहेत.

काकांना कुणीतरी सांगितलं होतं की सगळं काढून टाका, पेट्रोल कॉम्प्युटरनं मोजून देणारं इंजेक्शन करून घ्या, नव्या गाडीसारखी होईल. म्हणून त्यांनी मला फोन केला, कारण मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, आणि आमच्या घरात इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणजे गीझरपासून गाडीपर्यंत सगळं येतं असा समज आहे. मी म्हणलं काका, इंजेक्शन वगैरे नंतर बघू, आधी सेन्सर लावून महिनाभर नुसतं लिहून घेऊ गाडी काय करते ते, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला हात नाही, प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डेल्कोला हात नाही. काका म्हणाले, "म्हणजे होल्टर लावणार तिला?" हो, अगदी तेच. त्यांना स्वतःला दोन वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके नोंदवणारा चोवीस तासांचा होल्टर लावलेला, त्यामुळे पुढचं समजावायला काही लागलं नाही.

अटी आधीच ठरवल्या. हेड किंवा ब्लॉकमध्ये एकही नवीन भोक नाही. जे लावू ते अर्ध्या तासात काढून गाडी मूळ रूपात चालू करता आली पाहिजे. यात हौसेपेक्षा भीती जास्त होती, कारण ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या आणि त्यांच्याबरोबर स्पेअर पार्टची दुकानं आणि जाणते मेकॅनिकही पांगले, हेडचा आटा गेला तर नवीन हेड आणायचं कुठून. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, बनवणाऱ्याच्या स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत मनमानी बदल चालत नाहीत, आणि पन्नास वर्षं झाली नसल्यामुळे ही व्हिंटेजच्या नियमातही बसत नाही. तेव्हा उलट फिरवता येईल तेवढंच करायचं.

काम झालं लालबागच्या एका गल्लीत, जिथल्या वस्तादनं उभं आयुष्य टॅक्सीची फियाट लावण्यात घालवलंय. त्याला मी सेन्सरची पिशवी दाखवली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "इंजिनेर, गाडी कानानं लावायची असते." मी म्हणलं वस्ताद, तुमच्या कानाला वायर जोडता आली असती तर मी हे आणलंच नसतं. हसला, चहा सांगितला.

मेंदू म्हणून स्पीडुइनो घेतला, आर्डुइनो मेगा बोर्डवर चालणारा ओपन सोर्स ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बरेचसे भाग लॅमिंग्टन रोडला मिळाले. सेन्सर चार: क्रँकची पोझिशन, मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनकडे हवा नेणाऱ्या नळीतलं प्रेशर, पाण्याचं तापमान आणि सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे लॅम्डा. थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सरही आणला होता पण सोलेक्स कार्ब्युरेटरच्या स्पिंडलला ब्रॅकेट बसवण्यात एक रविवार गेला आणि शेवटी सोडून दिला, नुसतं इग्निशन चालवायचं तर प्रेशरवर भागतं.

क्रँकसाठी पुढच्या पुलीवर ३६ वजा १ दात्यांचं चाक लावलं. म्हणजे ३६ दात्यांची जागा, दर दहा अंशांना एक, आणि त्यातला एक गायब, त्या गॅपवरून ईसीयूला कळतं की इंजिन कुठं आहे. तीन एमएमच्या पत्र्यातून लेझरनं कापून घेतलं, पुलीला मागून बोल्ट केलं, पहिल्यांदा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारातून आणलेला दोन वायरवाला चुंबकी सेन्सर लावला. सेल्फ मारला की सिग्नलच नाही. चालू इंजिनवर झकास, सेल्फवर शून्य. कारण या चुंबकी सेन्सरचा व्होल्टेज चाकाच्या वेगावर असतो, आणि सेल्फवर इंजिन फिरतं मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्यांनी, त्यातही प्रत्येक कॉम्प्रेशनला अडखळत. त्यावर आमचं चाक डोलत होतं. डायल गेज लावला तर एका फेरीत अर्धा एमएम पुढे-मागे, आणि सेन्सरची गॅप ठेवायची असते एक एमएमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या फेरीत दाता जवळ, अर्ध्या फेरीत लांब. लेथवाल्याकडे पुलीसकट नेऊन चाक पुलीच्या मधोमध खरं करून घेतलं आणि सेन्सर हॉलचा लावला, ज्याला वेगाची पर्वा नसते, दाता आला की पाच व्होल्ट, गेला की शून्य. काम झालं.

मग टीडीसी शोधायचा, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. पुलीवरची मूळ खूण कुणीतरी रंगाखाली गाडलेली होती. वस्ताद स्क्रू ड्रायव्हर प्लगच्या भोकात टाकून बोटानं सांगायला तयार होता, पण पिस्टन वर पोचला की क्रँक दहा-बारा अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम हलतो, त्यामुळे बोटाचा अंदाज इथं फसतो. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्यात बोल्ट वेल्ड करून पिस्टनला अडवणारा खुंटा केला, इंजिन हातानं सावकाश एका बाजूनं फिरवून अडेल तिथं खूण, मग उलट फिरवून अडेल तिथं दुसरी खूण, दोन्हीच्या बरोबर मध्ये टीडीसी. वस्तादला हे फार आवडलं. तो खुंटा आता त्याच्याकडेच आहे, मी मागितलेला नाही.

तापमानाचा सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. भंगारातल्या सेन्सरवर पार्ट नंबर घासलेला, म्हणून घरी गॅसवर पातेलं ठेवून मोजला: कोळणीकडून आणलेल्या बर्फाच्या चुऱ्यात पाच हजार नऊशे ओमच्या आसपास, तिशीच्या पाण्यात सतराशे, उकळत्या पाण्यात एकशे ऐंशी-नव्वद. बॉश पद्धतीचे एनटीसी सेन्सर असेच असतात, म्हणजे माल बरा निघाला. बायकोनं ते पातेलं परत स्वयंपाकाला घेतलं नाही, तो वेगळा खर्च.

हेडला भोक पाडायचं नाही म्हणून वरच्या होजमध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा टाकून त्यात सेन्सर बसवला. ही जागा खरं तर चुकीची, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, उघडेपर्यंत वरच्या होजमध्ये पाणी फिरतच नाही, इंजिन तापलं तरी सेन्सर थंडच सांगतो. पण आमचा सेन्सर पहिल्या मिनिटापासून हळूहळू चढत गेला. मी वस्तादकडे बघितलं, तो रेडिएटरकडे बघायला लागला. थर्मोस्टॅट कधीच काढून टाकलेला होता. "मुंबईत काय करायचाय थर्मोस्टॅट," असं एका पिढीचं म्हणणं होतं आणि टॅक्सी ज्यानं चालवली त्याला ते चूक वाटत नाही. पण लॉगमध्ये दिसलं की ईस्टर्न फ्रीवेवर मोकळ्या वाऱ्यात पाणी अठ्ठावन्नच्या वर जातच नाही आणि सायनच्या गर्दीत तेच पंच्याण्णव. इंजिन एकतर गारठलेलं नाहीतर तापलेलं, मधलं काही नाही. नवीन थर्मोस्टॅट बसवला, आणि सेन्सर होजमधून काढून अडॅप्टरनं थर्मोस्टॅटच्या आतल्या बाजूला, एका बुच मारलेल्या जुन्या आट्यात हलवला.

आणि इथून ती गंमत सुरू झाली जिच्यावर आमचे तीन आठवडे गेले. काका संध्याकाळी वरळी सी फेसला चक्कर मारायला गेले. परत येऊन म्हणाले, "अरे, गाडी आता रात्री छान गार राहते." मी लॉग उघडला. ८५ डिग्री, ८५, ८५, आणि मग एका सेकंदात ६९. एका सेकंदात! पाणी असं गार होतच नाही, एवढं पाणी आणि वर लोखंड. दहा मिनिटं ६९, मग पुन्हा एका सेकंदात ८५. मला वाटलं सेन्सर गेला, बदलला, तेच. वायर बदलली, तेच. कनेक्टरमध्ये खारा वारा शिरला असेल म्हणून साफ करून ग्रीस भरलं, तेच. बोर्ड बदलायच्या तयारीत होतो. तर वस्तादचा पोऱ्या, जो सतरा-अठरा वर्षांचा असेल, लॅपटॉपकडे बघत बघत सहज डॅशबोर्डचं बटण दाबत होता, हेडलाइट चालू, हेडलाइट बंद, आणि म्हणाला, "दादा, लाइट लावला की इंजिन गार होतंय."

म्हणजे अर्थिंग. ईसीयूचं निगेटिव्ह मी थेट बॅटरीला दिलं होतं, शहाण्यासारखं. सेन्सरची परतीची वायर मात्र जवळ पडतो म्हणून पुढच्या पॅनेलच्या बोल्टला, आळशासारखी. हेडलाइटही त्याच पॅनेलवर अर्थ होतात, आणि त्या पॅनेलपासून बॅटरीपर्यंतचा रस्ता गंजलेला. हेडलाइटचा सात-आठ अँपिअर करंट त्या गंजातून गेला की पॅनेल बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षा ०.३ व्होल्ट वर उचललं जायचं. मल्टिमीटर लावून बघितलं, बरोबर ०.३. आता ८५ डिग्रीला त्या सेन्सरवर ईसीयूला दिसायला हवेत साधारण अर्धा व्होल्ट, त्यात हे ०.३ मिसळले की ईसीयूला वाटतं रेझिस्टन्स जास्त आहे, म्हणजे पाणी गार आहे. इतका साधा हिशोब, आणि मी तीन आठवडे सेन्सर बदलत बसलो. इंजेक्शन लावलं असतं तर याच चुकीच्या आकड्यावर ईसीयूनं रात्री जास्त पेट्रोल ओतलं असतं आणि आम्ही पंपाला दोष दिला असता.

सगळ्या सेन्सरच्या परतीच्या वायरी एकत्र करून थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडवर आणल्या, बॉडीला एकही नाही. आणि मग म्हणलं एवढं झालंय तर मुख्य अर्थही बघू. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी असते. ती होती, पण एका बाजूला हिरवी भुकटी झालेली. वस्तादनं सेल्फ मारायला सांगितला आणि स्वतः चोकच्या केबलवर हात ठेवला, आणि झटकन काढला. केबल गरम. म्हणजे सेल्फचा करंट, जो शंभर अँपिअरच्या वर असतो, पट्टीतून जागा नाही म्हणून चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून घरी जात होता. किती वर्षं कोण जाणे. काकांना आठवलं की चोक "जड" झाला म्हणून दोनदा केबल बदललीय. नवी पट्टी टाकली, सेल्फवर बॅटरीचा व्होल्टेज आधी ८ च्या खाली पडायचा आणि बोर्ड रीसेट व्हायचा, तो आता साडेनऊला थांबतो. सेल्फचा आवाजच बदलला. हा सगळ्या कामातला सगळ्यात मोठा फायदा, आणि त्यात सेन्सर एकही नाही.

लॅम्डाकडे येऊ. बॉशचा एलएसयू ४.९, पाइपाला नट वेल्ड करून, थोडा वरच्या बाजूला तिरका, म्हणजे सकाळचं साठलेलं पाणी त्याच्यात शिरून तापलेलं सिरॅमिक तडकू नये. पहिल्या दिवशी स्लोवर लॅम्डा १.१५ दाखवतोय, १ म्हणजे बरोबर माप, म्हणजे इथं पेट्रोल कमी, हवा जास्त. प्लग काढले तर काळेकुट्ट, काजळीनं माखलेले, म्हणजे बरोबर उलट. दोघांतला एक खोटा बोलतोय. प्लग खोटं बोलत नाही, हे वस्तादचं म्हणणं आणि ते खरं निघालं. सायलेन्सरच्या टोकाला व्हॅक्युम क्लीनर उलटा लावून हवा भरली, जोडांवर साबणाचं पाणी टाकलं, बेंडच्या फ्लँजला फुगे. स्लोवर तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर तीच मोजत होता. गास्केट बदललं, स्लो ०.८८ वर आला. पीयूसीला सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ३.६ टक्के का येत होता ते कळलं, आपल्या जुन्या पेट्रोल गाड्यांना मर्यादा ३ टक्क्यांची आहे.

वस्तादनं कबूल केलं की बंद पडते म्हणून त्यानंच स्लोचा स्क्रू सोडून रिच, म्हणजे पेट्रोल जास्त केलेलं. पण गंमत पुढे, साठच्या वेगात गाडी १.१० वर, म्हणजे चांगलीच लीन, पेट्रोल कमी. याचं मोठं कारण पंपावर आहे. आता साधं पेट्रोल म्हणजे ई२०, त्यात वीस टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. निव्वळ पेट्रोलला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरला यातलं काही कळत नाही, तो आपला १९८६ च्या जेटमधून मोजून देतो, त्यामुळे जवळजवळ आठ टक्के लीन आपोआपच. या गाडीत मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून देणारं भोक, ११५ चा निघाला, कुणी कधी टाकला माहीत नाही, आम्ही १२० टाकला. ऐकायला चार टक्के वाटतं पण भोकाचं क्षेत्रफळ वाढतं जवळजवळ नऊ टक्के. साठला लॅम्डा १.०१ आला, स्लोचा स्क्रू आवळून ०.९७.

तरी सायनला बंद पडणं थांबलं नव्हतं. लॉगमध्ये बंद पडायच्या आधी लॅम्डा एकदम १.३ च्या वर. मी ठामपणे सांगितलं, पेट्रोल संपतंय, वाफ धरतेय पंपात. चूक. कारण ठिणगी पडली नाही तर न जळलेली हवा तशीच बाहेर येते, आणि लॅम्डा सेन्सर मोजतो ऑक्सिजन, त्याला वाटतं लीन. मिसिंग आणि लीन त्याला सारखंच दिसतं. म्हणून डेल्कोतल्या पॉइंटचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा सिग्नलही वेगळ्या इनपुटला घेतला, मध्ये दोन सर्किटं वेगळी ठेवणारा ऑप्टो टाकून, आणि क्रँकच्या दात्यांशी ताडून बघितला. थंड असताना चारही सिलिंडरची ठिणगी पाच-सहा अंशांत इकडेतिकडे, म्हणजे डेल्कोच्या शाफ्टचं बुश झिजलेलं, आणि गरम झाल्यावर तर मधल्या मधल्या ठिणग्याच गायब. कंडेन्सर. थंड असताना टेस्टरवर चांगला दाखवणारा, हेअर ड्रायरनं तापवला की मरणारा. शंभर रुपयांच्या आतला पार्ट. बदलला, आणि सायनचा सिग्नल संपला.

बुश झिजलेला तसाच होता, म्हणून मग इग्निशन तेवढं ईसीयूकडे दिलं, दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देणारी कॉइल लावून, डेल्को जागेवर ठेवून. लगेच नवीन दुखणं: तीन हजार आरपीएमच्या वर ईसीयू मध्येच इंजिनची जागा विसरायचा. प्लगच्या वायरी तांब्याच्या, प्लग बिनरेझिस्टरचे, प्रत्येक ठिणगी म्हणजे छोटं रेडिओ स्टेशन. रेझिस्टरवाले प्लग आणि वायरी टाकल्या, हॉल सेन्सरची वायर शील्डची केली आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, थांबलं. ठिणगी स्लोवर टीडीसीच्या १२ अंश आधी, हलक्या पायावर ३४, पूर्ण दाबल्यावर २८ च्या पुढे मी गेलो नाही. खंडाळ्याचा घाट तिसऱ्यात चढली, वर प्रेशर सेन्सरनं हवा ९४ किलोपास्कल सांगितली, मुंबईत १०१ असते.

पीयूसीला सीओ १.१ आला. इंजेक्शनचा विषय काकांनी स्वतःच बंद केला. डिकीत एका डब्यात जुने पॉइंट, नवा कंडेन्सर, कॉइल आणि वायरी आहेत, वर वस्तादच्या अक्षरात "परत लावायचं सामान". राहिलंय ते डेल्कोचं बुश, ते लेथवाल्याकडे पितळेचं करायला दिलंय. आणि काका अजून रोज संध्याकाळी निघायच्या आधी उभ्या गाडीत हेडलाइट दोनदा लावून विझवतात आणि तापमानाच्या आकड्याकडे बघतात. हलत नाही. मग निघतात.